पर्यावरणाच्या पदवीवर २० लाख घालावेत का?

प्रश्न: मी ५३ वर्षांचा आहे, सांगलीत नोकरी करतो. हातात ६२ हजार पगार येतो, ५८ला निवृत्त होईन. मुलगी बारावी सायन्स झाली. तिला एका खासगी विद्यापीठात पर्यावरण विषयाची चार वर्षांची आंतरशाखीय पदवी करायची आहे. राहण्या-जेवणासह खर्च २० लाख. यंदा मुदत पूर्ण झालेल्या पीपीएफचे ८ लाख काढून उरलेल्या १२ लाखांचे कर्ज घ्यावे का? दुसरा पर्याय म्हणजे पुण्यात अनुदानित कॉलेजात तीन वर्षांची बीएस्सी, सगळे धरून ५ लाख.

उत्तर: मुलीची निवड मला आवडली. नदीचे प्रदूषण नुसत्या रसायनशास्त्राने सुटत नाही. कायदा, अर्थकारण, शेती, गावातले राजकारण, सगळेच त्यात येते. पूर पाहिलेल्या सांगलीकरांना हे मी काय सांगायचे! कामेही आहेत. सेबीच्या नियमानुसार २०२२-२३ पासून शेअर बाजारातल्या पहिल्या १००० कंपन्यांना पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा अहवाल द्यावा लागतो. मोठ्या प्रकल्पांना पर्यावरण मंजुरीसाठी २००६च्या अधिसूचनेप्रमाणे परिणाम-अभ्यास करावा लागतो. पण या क्षेत्रात बरे पद आणि बरा पगार बहुधा एमएस्सी, एमटेक नंतरच हाती लागतो. म्हणून सगळा पैसा पहिल्याच पदवीवर संपवू नका, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता कर्जाचे बघू. दर वर्षाच्या सुरुवातीला ३ लाख उचलले, व्याज १० टक्के धरले आणि शिक्षण संपल्यावर एक वर्षाची सवलत घेतली, तर हप्ता सुरू होईपर्यंत साध्या व्याजानेच ४ लाख २० हजार वाढतात. १६ लाख २० हजारांवर दहा वर्षांसाठी महिना साधारण २१,४०० रुपये हप्ता बसेल. मुलीला सुरुवातीला ३० हजार मिळतील असे धरले, तरी पुण्या-मुंबईत राहून ती हा हप्ता कसा भरणार? आणि तो सुरू होईल तेव्हा तुम्ही ५८ वर्षांचे असाल. कर्जावर सहकर्जदार म्हणून सही तुमची असेल, म्हणजे तिचा हप्ता चुकला की बँक तुमच्याकडे येणार.

पुण्याच्या बीएस्सीचा खर्च महिना १४ हजारांच्या आसपास पडतो. ओढाताण होईल, पण पगारातून निभेल. पीपीएफ मोडू नका, मुदत पाच वर्षांनी वाढवा. सध्याचा ७.१ टक्के दर टिकला तर तीन वर्षांत ८ लाखांचे सुमारे ९ लाख ८० हजार होतील. मग एमएस्सीला ४-५ लाखांचे कर्ज मुलीच्या नावावर काढा. तेवढे तिला पेलेल, आणि पीपीएफ तुमच्या म्हातारपणासाठी शिल्लक राहील.

विद्यापीठाची बाजूही लंगडी नाही. चार वर्षांच्या पदवीनंतर एक वर्षाची पदव्युत्तर पदवी करता येते, आणि विषय ओलांडून शिकण्याची मोकळीक अनुदानित कॉलेजात क्वचितच मिळते. त्यांनी निम्मी फी माफ केली तर मी पुन्हा विचार करेन. मुलींना फीमाफी देणाऱ्या राज्याच्या २०२४च्या निर्णयावर मात्र विसंबू नका. तो व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी आहे, खासगी आणि अभिमत विद्यापीठांना लागू नाही. पीएम विद्यालक्ष्मी योजनेच्या यादीत संस्था आहे का, ते बघा. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर शिकत असताना ३ टक्के व्याज सवलतीची तरतूद आहे, पण मॅनेजमेंट कोट्यातल्या प्रवेशाला नाही. तुमचे एकूण उत्पन्न मर्यादेच्या जवळ दिसते. हातातला पगार नको, फॉर्म १६ वरचा आकडा धरा. कर्जाच्या व्याजाची आयकर वजावटही जुनी करप्रणाली निवडली तरच मिळते.

प्रवेशाआधी एक चौकशी नक्की करा, कारण इथे पालक फसतात. भारतीय वन सेवेच्या परीक्षेला पदवीत वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, रसायन, भौतिक, भूशास्त्र, गणित, संख्याशास्त्र किंवा पशुवैद्यक यांपैकी एक तरी विषय लागतो, नाहीतर शेती, वनशास्त्र किंवा इंजिनीअरिंगची पदवी. आंतरशाखीय पदवीत हे सगळे थोडे थोडे शिकवतात, पण गुणपत्रिकेवर स्वतंत्र विषय म्हणून नाव येतेच असे नाही. विद्यापीठाकडे नमुना गुणपत्रिका मागा. तोंडी आश्वासन नको, ईमेल घ्या, आणि तो हातात पडेपर्यंत सीट राखायची रक्कम भरू नका.