जुन्या मियाटाला घरच्या घरी कॉइलओव्हर बसवता येतात का?

तुमच्याकडे 2002 ची मियाटा (माझदाची छोटी स्पोर्ट्स गाडी) आहे, कॉइलओव्हरचा, म्हणजे उंची बदलता येणाऱ्या स्प्रिंग-शॉकअपचा, सेट मागवलाय आणि वर्कशॉपवाला म्हणतो की हे घरी करायचं काम नव्हे. गाडी किती खाली घ्यावी आणि डॅम्पिंगचे (शॉकअप किती कडक चालावा ते ठरवणाऱ्या नॉबचे) क्लिक किती ठेवावेत, हेही तुम्ही विचारलंय.

घरी बसवता येतात. मी मिशिगनमध्ये माझ्या गॅरेजात बसवलेत, आणि पुढच्या वर्षी अर्धी गाडी परत खोललीय. ती का खोलावी लागली हे कळलं तर तुमचं काम पहिल्याच खेपेला नीट होईल.

माझी गाडी 2001 ची. सप्टेंबरमधल्या लेबर डेच्या जोडसुट्टीत काम काढलं. माझे दाजी मदतीला आले होते. दाजी पंचवीस वर्षं इथल्या मोटार धंद्यात आहेत, माझ्यापेक्षा मोठे आहेत, आणि मला या देशात पाय रोवायला त्यांनीच मदत केली. त्यामुळे त्यांच्यापुढे मी सहसा बोलत नाही. त्या दिवशीही बोललो नाही आणि चुकलो.

पहिला दिवस गंजात गेला. इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे खालच्या आर्मचे (चाक चौकटीला जोडणाऱ्या दांड्याचे) एक्सेंट्रिक बोल्ट, म्हणजे फिरवले की आर्म सरकवणारे बोल्ट, बुशच्या (आर्मच्या सांध्यातल्या रबरी तुकड्याच्या) आतल्या नळीला धरून बसतात. अलाइनमेंट याच बोल्टांनी होते. नट निघतो, पण बोल्ट फिरतही नाही आणि सरकतही नाही. दोन बोल्ट शेवटी करवतीने कापले. तुमची गाडी बर्फाच्या भागातली असेल तर चार दिवस आधीपासून रोज संध्याकाळी तेल मारत राहा, आणि नवे बोल्ट आधीच आणून ठेवा. सोडण्याआधी प्रत्येक एक्सेंट्रिक वायसर कुठे आहे त्याची रंगाने खूण करा.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत चारही कॉइलओव्हर जागेवर होते. गाडी अजून स्टँडवर, चाकं काढलेली, आर्म खाली लोंबकळत होते. दाजींनी लांब दांड्याचा पाना घेतला आणि आर्मचे बोल्ट आवळायला सुरुवात केली.

मी म्हटलं, "दाजी, हे आत्ता फक्त हाताने लावू या. गाडी चाकांवर आल्यावर आवळायचे. मॅन्युअलमध्ये तसंच लिहिलंय."

"चाकांवर आल्यावर खाली शिरणार कसा तू? आवळून टाक एकदाचे. मॅन्युअल वकिलांसाठी असतं."

मी गप्प बसलो. आठही बोल्ट आर्म लोंबकळत असतानाच पक्के झाले.

यात बिघडतं काय, तर या आर्मच्या बुशमध्ये रबर आतल्या आणि बाहेरच्या लोखंडी नळीला चिकटवलेलं असतं. बुश बेअरिंगसारखा फिरत नाही, पिळला जातो. बोल्ट आवळला की आतली नळी चौकटीला घट्ट बसते, आणि त्या क्षणी आर्म जिथे असेल ती रबराची 'आरामाची' जागा ठरते. आर्म खाली लोंबकळताना आवळलंत तर गाडी चाकांवर उतरताच रबर पिळलं जातं आणि उभ्या गाडीतही पिळलेलंच राहतं. वर खड्डे आणि वळणं आहेतच. पिळलेलं रबर गाडीला थोडं उचलूनही धरतं, म्हणजे नसलेली एक स्प्रिंग तुम्ही गाडीला जोडलेली असते.

आमची गाडी उतरवली तर अपेक्षेपेक्षा उंच बसली. दाजी म्हणाले, रिंगा (कॉइलओव्हरवर स्प्रिंग ज्यांच्यावर टेकते त्या) खाली घे. घेतल्या. हबच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंत चारी बाजूंना बरोबर 13 इंच आणले. नंतर पैसे देऊन अलाइनमेंट करून आणली. त्या दुकानाच्या कागदावर सगळे आकडे हिरवे होते.

नोव्हेंबरपर्यंत मागचं डावं चाक 12⅜ इंचांवर आलं. गतिरोधकावरून जाताना मागून जुन्या दाराच्या बिजागरीसारखी करकर यायची. दाजींचा निकाल तयार होता, "तरी सांगत होतो, ऑनलाइन मिळणारा स्वस्त माल घेऊ नकोस. स्प्रिंग बसली." पुढे दोन वर्षं प्रत्येक जेवणात हे वाक्य मी ऐकलं.

स्प्रिंग बसली नव्हती. एप्रिलमध्ये मी चार चाकांखाली फळ्यांचे चौथरे केले. गाडी चाकांवर उभी आणि मला खाली शिरायला जागा, असं साधलं. मागच्या उजव्या आर्मचा बोल्ट ढिला केला, तेव्हा 'टक्क' असा आवाज झाला आणि तो कोपरा माझ्या डोळ्यांदेखत पाव इंच खाली बसला. सहा-सात महिने पिळून धरलेलं रबर सुटलं होतं. डाव्या बाजूला आवाजच झाला नाही. तो आर्म काढला तेव्हा बुशमध्ये आतल्या नळीच्या कडेने चंद्रकोरीसारखी फट होती, नख आत जात होतं, आणि बोटाला काळी पूड लागली. डावा बुश आधी फाटला म्हणून डावी बाजू आधी बसली. मागचे सगळे बुश बदलले, गाडी चौथऱ्यांवर उभी ठेवून बोल्ट आवळले, 13 इंच परत लावले. तो 'स्वस्त माल' आजही गाडीत आहे आणि उंची तसूभर हललेली नाही.

माझे वडील कोल्हापूरच्या उद्यमनगरात ट्रकच्या पाट्यांचं (लीफ स्प्रिंगचं) काम करायचे. पाटे बसवून दिले की ड्रायव्हरला सांगायचे, माल भरून एक खेप मार आणि परत ये, यू-बोल्ट पुन्हा आवळून देतो. वजन आल्याशिवाय जोड आपल्या जागी बसत नाही, हे त्यांना कुठलंही मॅन्युअल न वाचता माहीत होतं. मला हे लहानपणापासून ठाऊक असून मी त्या संध्याकाळी बोललो नाही, याचंच जास्त वाईट वाटतं.

आता उंचीचं. 13 इंचांच्या फार खाली जाऊ नका. मियाटाला शॉकअपची चाल मुळातच तोकडी आहे. खाली घेतली की गाडी बंप स्टॉपवर बसते, आणि मग तुम्ही स्प्रिंगवर नाही, रबराच्या गोळ्यावर गाडी चालवत असता. दिसायला छान, वळणात वाईट. मोजायच्या आधी गाडी पंधरा-वीस फूट पुढे-मागे ढकला. जॅकवरून उतरलेली चाकं आत ओढलेली असतात आणि गाडी खोटी उंच दिसते.

रिंग वर घेतली की स्प्रिंग कडक होते, हाही एक पक्का गैरसमज आहे, आणि तो मी दाजींकडूनच ऐकलाय. माझी पुढची स्प्रिंग 7 किलो प्रति मिलीमीटरची आहे. तिच्यावर 350 किलो आले तर ती 50 मिलीमीटर दबणार. रिंग वर असो की खाली, दबणार तेवढीच, फक्त गाडी वर-खाली होते. 7 किलो ऐकून घाबरूही नका. डबल विशबोनमध्ये (वर एक आणि खाली एक अशा आर्मांनी चाक धरणाऱ्या या रचनेत) शॉकअप चाकापेक्षा आत बसतो, त्यामुळे चाकापाशी त्या स्प्रिंगचा कडकपणा साधारण निम्माच पोहोचतो.

क्लिक म्हणाल, तर नॉब हलक्या हाताने पूर्ण बंद करा आणि तिथून मागे मोजा. मध्यावर ठेवून आठवडाभर चालवा, मग एका वेळी दोन-दोन क्लिक, एकाच ओळखीच्या रस्त्यावर. दुसऱ्याचा आकडा उचलू नका, माझाही नको.

अलाइनमेंट उंची पक्की झाल्यावरच करा, आधी केलीत तर पैसे वाया. टो, म्हणजे चाकांची तोंडं किती आत-बाहेर वळलेली आहेत ते, घरी दोरीने मोजता येतं. गाडीच्या दोन्ही बाजूंना समांतर मासेमारीची दोरी ताणायची आणि रिमच्या पुढच्या-मागच्या कडेपासूनचं अंतर पट्टीने घ्यायचं. मी पहिल्यांदा दोरीने करतो, महिन्याभराने दुकानात दाखवतो.

राहिलेल्या दोन-तीन गोष्टी. तुमच्या गाडीत आधीच्या मालकाने पॉलियुरेथेनचे बुश टाकले असतील तर वरचा नियम लागू नाही, ते चिकटवलेले नसतात, मोकळे फिरतात. त्यांना ग्रीस हवं. जुने शॉकअप स्प्रिंगसकट काढून तसेच बाजूला ठेवा. स्प्रिंग दाबलेली असताना वरचा नट खोलायचा नाही, स्प्रिंग उडून माणूस जायबंदी होतो. आणि गाडी फक्त जॅकवर असताना तिच्याखाली जायचं नाही, स्टँड हवेतच. चाकांचे नट 88 ते 118 न्यूटन-मीटर, पन्नासेक मैलांनी पुन्हा तपासा.

पुण्यातल्या भावाच्या गाडीलाही असंच करू का, असं शेवटी विचारलंय. तिथे मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहे, गाडीत परस्पर बदल चालत नाहीत. त्याला आधी आरटीओत आणि विम्याकडे चौकशी करायला सांगा.

वर्कशॉपवाल्याकडूनच करून घ्यायचं ठरवलंत तर त्याला एकच प्रश्न विचारा, आर्मचे बोल्ट कधी आवळणार? 'लिफ्टवर, चाकं लोंबकळत असतानाच' म्हणाला तर गाडी घरी आणा. तुमच्या सेटचा खालचा ब्रॅकेट आट्यांवर फिरतो की पक्का आहे, तेवढं कळवा. उंची लावायची पद्धत त्यावर बदलते.