मशीन आलं, तरी गुलाम वाढले कसे?

प्रश्न : माझे आजोबा सोलापूरच्या जुन्या मिलमध्ये होते, त्यामुळे आमच्या घरात कापसाचा विषय निघतोच. मुलगी नववीत आहे, तिने वाचलं की अमेरिकेत सरकी काढायचं मशीन आलं आणि गुलामगिरी वाढली. ती म्हणते, मशीनने काम कमी होतं ना, मग माणसं जास्त कशाला लागली? मला काही सांगताच येईना.
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : ताई, मुलीने नेमकं विचारलंय. 1793 साली एली व्हिटनीने काढलेलं मशीन फक्त सरकी वेगळी करायचं, कापूस वेचायचं नाही. तिकडच्या आखूड धाग्याच्या कापसाला सरकी इतकी घट्ट चिकटलेली असायची की एका माणसाचा अख्खा दिवस अर्धा किलो रुई साफ करण्यात जायचा, ते काम मशीनने झटपट व्हायला लागलं आणि मग जेवढा पिकेल तेवढा कापूस विकायला लागला, पण वेचायचा हातानेच, म्हणून माणसं जास्त लागली. आपल्याकडे वेचणीला जाणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा, वाळलेल्या बोंडाची टोकं नखाच्या कडेला कशी घुसतात ते. तिथे तर संध्याकाळी प्रत्येकाचा कापूस तोलायचे, वजन कमी भरलं की चाबूक.

1790 मध्ये तिथे गुलाम होते साधारण 7 लाख, 1860 मध्ये जवळजवळ 40 लाख. 1808 पासून बाहेरून गुलाम आणायला कायद्याने बंदी होती, म्हणून व्हर्जिनिया, मेरीलँडकडची माणसं विकून नाहीतर मालकाबरोबर हलवून मिसिसिपी, अलाबामा, लुइझियाना या दक्षिणेतल्या कापसाच्या राज्यांत नेली, अशी सुमारे 10 लाख. आई एकीकडे, लेकरू दुसरीकडे. हे वाचताना मला अजूनही पुढे सरकवत नाही.

काळ्या माणसांनाच गुलाम करण्याचं म्हणाल तर त्याची मुळं कापसाच्या आधीची. 1662 सालीच व्हर्जिनियात कायदा झाला होता की आई गुलाम तर मूलही गुलाम, बाप गोरा मालक असला तरी. कापसात पैसा आल्यावर मात्र काळी माणसं जन्मतःच कमी प्रतीची, हे पुढारी भाषणांत उघड सांगायला लागले, कारण त्याशिवाय हा धंदा योग्य ठरवता येत नव्हता.

आणि पैसा फक्त दक्षिणेत राहिला नाही. 1860 च्या सुमाराला अमेरिकेच्या निर्यातीत निम्म्याहून जास्त वाटा एकट्या कापसाचा, न्यूयॉर्कचे दलाल, जहाजवाले, विमावाले, उत्तरेतल्या कापड गिरण्या सगळे त्यावर कमवत होते. गुलाम माणूस गहाण ठेवून कर्जं निघायची, म्हणजे बघा. देशाची सगळी श्रीमंती यातूनच आली असं मी म्हणणार नाही, त्यावर अभ्यासकांत जोरात वाद आहे, पण वाटा मोठा होता.

1861 ला तिथे उत्तर-दक्षिणेत यादवी युद्ध पेटलं, उत्तरेने दक्षिणेची बंदरं अडवली, इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना आणि इकडे मुंबईत कापसाचे भाव आकाशाला भिडले. सोलापुरात रेल्वे नुकतीच, 1860 ला आलेली. आजोबांची जुनी मिल 1877 ची.

1865 ला गुलामगिरी कायद्याने संपली, पण जमीन मालकाकडेच राहिली. सुटलेली माणसं त्याच शेतात वाट्याने कापूस लावायला लागली, बी-बियाणं आणि किराणा उधारीवर, आणि हंगाम संपल्यावर हिशोब मांडणार मालक.