बाटलीखालचा कोपरा ओला राहतो? आधी पाणी कुठून येतंय ते बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गिनी पिगच्या दोन माद्या आहेत, पिंजऱ्यात फ्लीस (मऊ, लोकरीसारखं कृत्रिम कापड) घातलंय, पाण्याच्या बाटलीखालचा भाग सकाळी पाहावं तर ओलाच. बाटली बदलली तरी फरक नाही. आता तिथे वास यायला लागलाय, आणि रात्रीपुरती बाटली काढून ठेवली तर चालेल का, असं तुम्ही विचारलंय.

वरती बऱ्याच जणांनी "ही बाटली घ्या, ती घ्या" सांगितलंय. माझं मत वेगळं आहे. गोळीवाली बाटली, म्हणजे जिच्या नळीच्या टोकाला भोक बंद करणारी छोटी गोळी असते ती, थोडीफार ठिबकणारच. एक थेंबही न सांडणारी बाटली शोधत बसलात तर कपाट बाटल्यांनी भरेल आणि कोपरा ओला तो ओलाच राहील. आधी ओल नक्की कशाची आहे ते ठरवा, मोठी गळती असेल तर थांबवा, आणि उरलेल्या ठिबकण्यासाठी त्या कोपऱ्यात कायमची सोय करून ठेवा. हा क्रम उलटा केला की नुसतं पुसत बसावं लागतं.

ओल कशाची हे आधी बघायचं कारण, ती पाण्याची असेलच असं नाही. गिनी पिग खाता-पिता तिथेच लघवी करतात. आपण सोयीसाठी गवताचा रॅक आणि बाटली शेजारी शेजारी लावतो, त्यामुळे दिवसातला बराच वेळ त्यांचं बूड त्याच कोपऱ्यात असतं. रात्री बाटलीखाली पांढरा टिश्यू किंवा किचन टॉवेल घाला आणि त्याच्या कडा फ्लीसखाली खोचा. सकाळी डाग पिवळसर दिसला, वाळल्यावर त्यावर खडूच्या भुकटीसारखा पांढरा थर राहिला आणि वास आला, तर ती लघवी. त्यांच्या लघवीत कॅल्शियम भरपूर जातं, म्हणून ती गढूळ दिसते आणि तसा थर धरते. टिश्यू ओला पण रंग नाही, वास नाही, तर पाणी. तुम्ही वास येतो म्हणताय, म्हणजे निदान काही भाग लघवीचा असणार असा माझा अंदाज आहे. तसं असेल तर बाटली कितीही भारी आणा, उपयोग शून्य.

आता बाटलीची चाचणी. ती पिंजऱ्याबाहेर, पण एरवी टांगता तशीच उभी टांगा. नळीचं टोक दोन-चार वेळा बोटाने दाबून सोडा, पुसून घ्या, खाली एक वाटी ठेवा आणि रात्रभर तशीच राहू द्या. बाटली उलटी केल्यावर सुरुवातीला काही थेंब पडतातच, कारण वरच्या हवेचा दाब कमी होऊन पाणी आत धरून ठेवलं जाईपर्यंत तेवढं पाणी जावं लागतं. सकाळी वाटीत चमचाभर पाणी असेल तर बाटली ठीक आहे आणि तुमची ओल पिणाऱ्यांकडून येतेय. अर्धी बाटली वाटीत असेल तर दोष बाटलीत आहे.

बाटलीत दोष असेल तर पाणी कुठून येतंय ते बघा, नळीच्या टोकातून की झाकणाच्या आट्यांतून. झाकणाभोवती कोरडा टिश्यू फिरवला की लगेच कळतं. झाकणापाशी ओलं असेल तर नव्वद टक्के वेळा वॉशर. धुताना तो निघून सिंकमध्ये गेलेला असतो, वाकडा बसलेला असतो किंवा रबर जुनं होऊन कडक झालेलं असतं. झाकण जोर लावून आवळू नका, वॉशर चेपून एका बाजूने फट पडते. वॉशर नीट असूनही गळत असेल तर बाटलीच्या मानेपाशी बारीक तडा आहे का बघा. तिथून हवा आत शिरली की पाणी धरून राहायला काही उरतच नाही.

टोकातून ठिबकत असेल तर तिथे थोडा वेळ घालवा, बहुतेक प्रकरणं इथेच सुटतात. गिनी पिग पाणी कसं पितो ते एकदा जवळ बसून बघा. तोंडात गवत असतानाच तो नळीपाशी येतो, टोक पुढच्या दातांत धरतो, जिभेने गोळी वर ढकलतो, आणि चावता चावता तोंडातला चोथा नळीत उलटा जातो. बाटलीत जे हिरवे कण तरंगताना दिसतात ते हेच. यातला गवताचा एखादा तंतू गोळी आणि नळीची कड यांच्यामध्ये अडकला की गोळी पूर्ण खाली बसत नाही, आणि त्या केसाएवढ्या फटीतून रात्रभर थेंब पडत राहतात. नळी काढून उजेडाकडे धरा, हलवा, गोळीचा खडखड आवाज मोकळा यायला हवा. बारीक नळीचा ब्रश आतून फिरवा. पाणी जड असेल तर गोळीवर क्षाराचा खरखरीत थर बसतो. मग नळी व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं करून त्यात वीस मिनिटं बुडवून ठेवा आणि वास जाईपर्यंत धुवा. रोज पाणी बदलताना नुसती बाटली विसळतात आणि नळी राहून जाते, हे फार घरांत होतं.

आणखी एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. अर्धी रिकामी बाटली भरलेल्या बाटलीपेक्षा जास्त ठिबकते. वरची हवा तापली की फुगते आणि तेवढंच पाणी खाली ढकलते. बाटलीत 250 मिलि हवा असेल आणि खोली 5 अंशांनी तापली तर साधारण 4 मिलि पाणी आपोआप बाहेर येतं. हवा 50 मिलिच असेल तर 1 मिलिसुद्धा नाही. म्हणून बाटली काठोकाठ भरा, मोठी बाटली तळाशी जाईपर्यंत वापरू नका, आणि खिडकीतून ऊन येतं त्या बाजूला ती लावू नका. फ्रीजचं गार पाणी भरलं तरी तेच होतं: बाटली खोलीच्या तापमानाला येईपर्यंत टिपटिप चालू. पातळ प्लास्टिकची बाटली तारेच्या पट्ट्याने घट्ट आवळली किंवा प्राण्याने बाजूने दाबली तरी पाणी बाहेर येतं. काचेची बाटली दबत नाही, हा तिचा खरा फायदा. बाकी ती जड असते आणि पडली की फुटते, तेव्हा आधार मजबूत हवा.

बाटली लावायची ती पिंजऱ्याच्या बाहेरून, फक्त नळी आत. नळी खालच्या बाजूला उतरती हवी, कारण गोळी स्वतःच्या वजनानेच भोक बंद करते. नळी आडवी झाली की ती नीट बसत नाही. उंची इतकी की मान किंचित वर करून टोक तोंडात यावं. फार उंच लावली तर पाणी हनुवटीवरून छातीवर ओघळतं, फार खाली लावली तर जाता-येता पाठ घासून गोळी हलते. आणि टोकाला काहीही टेकता कामा नये. गवताची एक काडी, फ्लीसची वर आलेली घडी किंवा लपायच्या घराचं छप्पर टोकाला लागलं तर पाणी त्यावरून ओढलं जातं आणि सकाळपर्यंत बाटली रिकामी. बेडिंग उकरून ढीग करायची सवय असलेले प्राणी हा उद्योग हमखास करतात, म्हणून झोपण्यापूर्वी टोकाखाली चार बोटं मोकळी जागा आहे का ते बघून घ्या.

बाटली ठीक, टिश्यूवर पाणीच, असं निघालं तर मग सांडणारं कुणीतरी आहे. काही जणांना नळी खडखडवायचा नाद असतो, विशेषतः फ्रीजचं दार वाजलं आणि खाऊ मिळणार असं वाटलं की. दोघींत एकच बाटली असेल तर एक पीत असताना दुसरी ढकलते, आणि अर्धं पाणी खाली जातं. दुसरी बाटली समोरच्या बाजूला लावा. यावर पाणी कमी ठेवणं हा उपाय नाही. अंदाज यावा म्हणून सांगते: प्रौढ गिनी पिग वजनाच्या दर किलोमागे दिवसाला साधारण 100 मिलि पाणी पितो, आणि काकडीसारखं पाणीदार काही भरपूर मिळत असेल तर त्याहून बरंच कमी. बाटलीवर मार्करने रेघ मारून दोन-तीन दिवस पाहिलं की पिणं किती आणि सांडणं किती याचा हिशोब लागतो.

आता कोपरा. फ्लीसबद्दल एक गैरसमज आहे की ते पाणी शोषतं. फ्लीस पाणी खाली जाऊ देतं, धरून ठेवायला त्याच्या खाली दुसरा थर लागतो. खाली थेट प्लास्टिक असेल तर ते पाणी तिथेच साचून कुजणार, आणि तुमचा वास बहुधा तिथूनच येतोय. नवीन फ्लीस फॅब्रिक सॉफ्टनर न घालता तीन-चार वेळा धुवा. त्यावर पाण्याचा थेंब टाकून बघा, मण्यासारखा वर बसून राहिला तर ते अजून तयार नाही, आत उतरला तर झालं. खाली जुन्या टॉवेलचे दोन थर. टॉवेल वर उघडा टाकू नका, त्याच्या फासांत नखं अडकतात आणि वरचा भाग पायाखाली ओलाच राहतो.

मी बाटलीखाली एक ट्रे ठेवते आणि त्यात वेगळा तुकडा: ट्रेच्या मापाचा टॉवेल, वर तेवढंच फ्लीस, असे बरेच जोड शिवून ठेवलेत. रोज सकाळी फक्त तेवढा बदलायचा, सगळा पिंजरा उपसावा लागत नाही. ट्रे कमी काठाचा, दोघी शेजारी उभ्या राहतील एवढा. ज्यांना कापड धुवायचा कंटाळा आहे त्यांनी त्याच ट्रेमध्ये लाकडी पेलेट्सचा (दाबून केलेल्या भुशाच्या कांड्यांचा) दोन बोटं जाड थर घालावा. पाणी पडलं की पेलेट फुगून भुसा होतो, तेवढा भुसा उचलून टाकायचा, बाकी कोरडं राहतं. गवताचा रॅकही याच ट्रेवर आणा, म्हणजे लघवी आणि थेंब एकाच जागी पडतील. वासाचं निम्मं काम इथेच होतं.

काही गोष्टी मात्र तिथे नकोत. मांजरांच्या शी-शूसाठीची, ओल लागली की गोळा होणारी वाळू (लिटर) नको, ती पोटात गेली तर फुगते. डायपर किंवा जेलचे पॅड उघडे नकोत, कुरतडून जेल बाहेर काढतात. घालायचेच असतील तर सगळ्यात खाली, कडा पूर्ण दाबून. आणि पाय कोरडे राहावेत म्हणून तारेची जाळी तर अजिबात नको, तळवे फाटतात.

बाटली सोडून वाडगं ठेवा असंही वर कुणीतरी लिहिलंय. जड सिरॅमिकचं वाडगं वाईट नाही, त्यातून पिणं त्यांना सोपं जातं आणि उन्हाळ्यात मी बाटलीबरोबर तेही ठेवते. पण कोरडेपणासाठी म्हणून वाडगं आणाल तर निराशाच पदरी पडेल. त्यात लेंड्या पडतात, गवत पडतं, पुढचे पाय पडतात. ठेवायचं तर सपाट लादीवर थोडं उंच ठेवा आणि दिवसातून दोनदा पाणी बदला. लांब केसांच्या जातींना हनुवटीचे केस भिजण्याचा त्रास वाडग्यामुळे वाढतो.

ओलीचा एवढा बाऊ का, असं वाटत असेल तर एकीला उचलून तळपाय बघा. ओल्या जागी उभं राहून कातडी मऊ पडते, लाल होते, मग जखम होते, आणि ती जखम एकदा खोल गेली की बरी व्हायला महिने लागतात. लघवी साचली की अमोनियाने श्वासनलिका चिडते, आणि त्यांच्यात श्वसनाचे संसर्ग झपाट्याने वाढतात. ओल्या गवताला बुरशी धरते, ते खाण्यात जातं. तळवे लाल किंवा सोललेले दिसले तर मलम शोधत बसू नका, छोटे प्राणी बघणाऱ्या पशुवैद्यांकडे न्या. हनुवटी सतत ओली आणि वजन उतरतंय, तर बाटलीचा दोष नाही, दात वाढल्यामुळे लाळ गळत असू शकते. आणि सांडत नसतानाही बाटली एकाएकी लवकर संपायला लागली तर मूत्रपिंड किंवा मधुमेह तपासून घ्या.

कुणी पाण्यात व्हिटॅमिन सी घालायला सांगेल, ते करू नका. पाण्यात आणि उजेडात ते लवकर निकामी होतं, चव बदलली की त्या पाणी कमी पितात, आणि दिवसाकाठी किती पोटात गेलं याचा पत्ता लागत नाही. द्यायचं तर थेट तोंडात किंवा ताज्या भाजीतून.

राहिला रात्रीचा प्रश्न. बाटली रात्री काढू नका. गिनी पिग रात्रभर गाढ झोपत नाहीत, थोड्या थोड्या वेळाने उठून गवत खातात, आणि सुकं गवत पचायला पाणी लागतंच. पाणी मिळालं नाही की खाणं कमी होतं, आणि खाणं थांबलं की त्यांचं आतडं काही तासांतच मंदावतं. लघवी घट्ट होऊन खडे व्हायचा धोका वेगळाच. आज रात्री टिश्यूची चाचणी करा. बाटलीचीही करायची असेल तर एक बाटली बाहेर टांगा आणि जुनी पिंजऱ्यात राहू द्या. टिश्यूचा फोटो इथे टाका, मग लघवी की पाणी ते बघून पुढचं सांगते.