पाळीच्या दिवसांतच फिट जास्त येतात, औषध बदलावं का?

लगेच नको, आधी नोंद ठेवा. रक्तस्राव सुरू होतो तो पहिला दिवस धरून 3 महिने प्रत्येक फिटची तारीख आणि चुकलेली गोळीही लिहा. पाळीआधीचे 3 दिवस ते पाळीचा तिसरा दिवस, या काळात फिट दुपटीने येत असतील तर कारण बहुधा प्रोजेस्टेरॉन या हार्मोनची घसरण. ते मेंदूला शांत ठेवतं, इस्ट्रोजेन हे दुसरं हार्मोन उत्तेजित करतं. पाळी नियमित असेल तर न्यूरॉलॉजिस्ट तेवढ्याच दिवसांपुरती क्लोबाझाम ही फिटची गोळी जोडू शकतात. रोज घेतली तर तिचा असर ओसरू लागतो.

गर्भनिरोधक गोळ्या परस्पर सुरू करू नका. त्यांतल्या इस्ट्रोजेनमुळे लॅमोट्रिजिन या फिटच्या औषधाची रक्तातली पातळी निम्म्यावर येऊ शकते. कार्बामाझेपिन, फेनिटॉइन ही फिटची औषधं चालू असतील तर उलट गर्भनिरोधकाचाच भरवसा राहत नाही. व्हॅल्प्रोएट हे फिटचं औषध घेत असाल आणि मूल हवं असेल, तर दिवस जाण्याआधीच डॉक्टरांशी बोला. स्वतःहून अचानक मात्र कुठलीच गोळी थांबवू नका.