वूकॉमर्सवर (वर्डप्रेसवरचं ऑनलाइन दुकानाचं प्लगइन) तीन वस्तूंना तिप्पट शिपिंग लागतं, एकत्र कसं लावायचं?

बहुधा फ्लॅट रेटच्या (ठरावीक शिपिंग दराच्या) रकमेत दर थेट नगसंख्येने गुणला गेलाय. त्याऐवजी पाया आणि वाढ वेगळी ठेवा. पहिल्या नगाला ६० आणि पुढच्या प्रत्येकाला २० रुपये हवे असतील, तर सूत्र '४० + (२० × नगसंख्या)' असं बसतं. तीन नगांना १०० होतात. शिपिंग क्लास (शिपिंगसाठी केलेले वस्तूंचे गट) वापरत असाल तर तिथे 'पर ऑर्डर' निवडा, म्हणजे फक्त सर्वांत महागड्या क्लासचा दर लागतो. 'पर क्लास' ठेवलंत तर प्रत्येक क्लासचे पैसे वेगळे धरले जातात.

पण वाढीचा आकडा अंदाजाने टाकू नका, खरा तोटा तिथेच होतो. कुरियर बहुतेकदा ५०० ग्रॅमच्या टप्प्याने आकारतात, शिवाय प्रत्यक्ष आणि आकारमानाचं वजन (खोक्याच्या घनफळावरून काढलेलं) यांतलं जास्त असेल ते धरतात. ३०×२०×१५ सेंमीचा खोका घ्या: घनफळ ९००० घनसेंमी, भागिले ५००० (भाजक कुरियरकडून पडताळा) म्हणजे १.८ किलो. आत माल ९०० ग्रॅमच असला तरी बिल २ किलोचं! म्हणून एक, दोन, तीन नगांचे खोके खरंच बांधून, टेपसकट मोजा आणि मगच दर ठरवा. काचेच्या बरण्यांसारख्या नाजूक मालाला वेगळा शिपिंग क्लास हवाच.