भ्रूण २०२० चे, पण सरोगसीचा सल्ला कधीचा?

इंदूरच्या एक वाचक बाई लिहितात: ऑगस्ट २०२० मध्ये आमचे चार भ्रूण गोठवले. आज माझे वय ५१, यजमानांचे ५६. सरोगसीच्या पात्रता प्रमाणपत्राचा अर्ज वयावर बोट ठेवून परत आला. सर्वोच्च न्यायालयाने वयाची अट काढली म्हणतात, मग आमचेच का अडले? अशी विचारणा करणाऱ्या त्या एकट्या नाहीत.

अट निघालेली नाही. स्त्री २३ ते ५०, पुरुष २६ ते ५५, ही मर्यादा आजही आहे आणि ती प्रमाणपत्राच्या दिवशी मोजतात. ९ ऑक्टोबर २०२५ च्या निकालातली सवलत आहे ती २५ जानेवारी २०२२ पूर्वी, म्हणजे सरोगसी कायदा लागू होण्याआधी, सरोगसी सुरू केलेल्यांना: भ्रूण तयार होऊन गोठलेले, आणि आता ते सरोगेटच्या, म्हणजे मूल पोटात वाढवून देणाऱ्या स्त्रीच्या, गर्भाशयात सोडायचे तेवढे बाकी.

तुमचे घोडे इथेच अडते. फेब्रुवारी २०२१ मध्ये दोन भ्रूण तुमच्याच गर्भाशयात सोडले, ते रुजले नाहीत, असे तुम्ही लिहिता. म्हणजे गोठवताना बेत सरोगसीचा नव्हता. क्षयरोगाने गर्भाशयाचे अस्तर खराब झाले आहे, सरोगसीच करा, हे डॉक्टरांनी त्या दिवाळीत तोंडी सांगितले. कागदावर आले एप्रिल २०२२ मध्ये. सरकारी वकील हा एप्रिलच धरून बसेल. पाच महिन्यांत एक ओळ लिहून घ्यायला काय हरकत होती?

तेव्हा आधी २५ जानेवारी २०२२ च्या पूर्वीचा पुरावा शोधा. केस पेपरवरची नोंद, हिस्टेरोस्कोपीचा (गर्भाशयाच्या दुर्बीण तपासणीचा) अहवाल, समुपदेशनाचा कागद, सरोगसीबद्दल क्लिनिकला केलेले व्हॉट्सॲप संदेश. संदेश जुन्याच फोनमध्ये राहू द्या. ते कोर्टात दाखल करताना भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चे, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचे, प्रमाणपत्र जोडावे लागते. क्लिनिककडे पूर्ण रेकॉर्डची लेखी मागणी करून पोच घ्या. ‘जुने कागद नाहीत’ असे उत्तर आले तर एआरटी (सहाय्यित प्रजनन तंत्रज्ञान) कायद्यातील दहा वर्षे रेकॉर्ड ठेवण्याच्या बंधनाकडे लक्ष वेधा. मात्र डॉक्टरांकडून मागच्या तारखेचा सल्ला लिहून घेऊ नका. असा कागद उघडा पडला की खरे कागदही कुणी वाचत नाही.

हे जमले तर राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठात रिट याचिका. नकाराचा लेखी आदेश आधी हातात हवा. खिडकीवरचे ‘नाही होणार’ चालत नाही. अंतरिम मागणीत वैद्यकीय मंडळाची तपासणी सुरू करण्याचे निर्देश मागा, नाहीतर तारखांमध्येच वर्ष जाईल. कायदा आला तेव्हा तुम्ही ४७ च्या होता, मग अर्जाला इतका उशीर का, हेही विचारले जाईल. खरे कारण शपथपत्रात लिहा.

निकाल काय लागेल, सांगता येत नाही. वय सुटले तरी बाकी अटी सुटत नाहीत: सरोगेट २५ ते ३५ वयाची, स्वतःचे मूल असलेली, तिचा ३६ महिन्यांचा विमा, आणि तिला मोबदला अजिबात नाही.

दरम्यान साठवणुकीचे शुल्क थकवू नका आणि पावत्या जपा. भ्रूण जास्तीत जास्त दहा वर्षे ठेवता येतात. तुमची मुदत ऑगस्ट २०३० ला संपते.