दोनच रायफली घ्यायच्या, तर आधी लहान घे

भाऊ, तुझा निरोप मिळाला. इकडे न्यूझीलंडच्या दक्षिण टोकाला, साउथलँडच्या डेअरी फार्मवर नोकरी पक्की झाली, व्हिसाचे कागद मार्गी लागले, बायको सहा महिन्यांनी येणार. अन् एवढ्या सगळ्यात तू मले विचारलंस काय, तर: "दादा, न्यूझीलंडात ससे, डुकरं, हरणं सगळं मारता येते म्हणतात. मले दोनच रायफली ठेवायच्या आहेत, पण त्यात सगळं भागलं पाहिजे. कोणत्या घेऊ? का मोठ्या बाबांची बाराबोरच घेऊन येऊ?"

बाराबोरचं, म्हणजे छऱ्याच्या बंदुकीचं, आधी संपवतो. आणू नको. परवाना मोठ्या बाबांच्या नावावर आहे, तुझ्या नाही. ती नावावर करून घ्यायची, मग तिकडून बाहेर काढायचे कागद, इथे आणण्याआधी इथल्या पोलिसांचा आयात परवाना. एवढ्या खटाटोपात इथे नवी येते. दर निवडणुकीला ठाण्यात जमा करून ती अर्धी गंजली आहे, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. राहू दे तिला आर्वीतच.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर: पहिली पॉइंट टू-टू, दुसरी थ्री-ओ-एट. ही नावं काडतुसाच्या मापाची: पहिली सशांसाठी लहान, दुसरी हरणांसाठी मोठी. दोन्ही बोल्टच्या, म्हणजे दर गोळीनंतर हाताने मूठ ओढून पुढची भरायच्या. दोन्ही एकाच वेळी घ्यायच्या नाहीत. मध्ये निदान एक वर्ष जाऊ दे. हे कशासाठी, ते सविस्तर लिहितो, कारण "सगळं भागलं पाहिजे" म्हणताना तुझ्या डोळ्यापुढे फक्त मोठं हरिण आहे, हे मले इथूनच दिसते. माझ्याही तेच होतं.

आपल्याकडे बंदूक म्हटली की आठवते जागल. पऱ्हाटीत नाही तर तुरीत डुकरांचा कळप, हरभऱ्यात रोही म्हणजे नीलगाय, अन् माळ्यावर बसून डबे वाजवणारे आबाजी. परवानगीशिवाय हात लावायची सोय नाही, १९७२चा वन्यजीव कायदा आहे. म्हणून कुणी झटका मशीन लावते, कुणी अक्कल गहाण ठेवून तारेत सरळ करंट सोडते अन् डुकराऐवजी शेजारच्या वावरातला माणूस जातो. जनावर आपलं, जंगल आपलं, पीकही आपलं. त्यात बंदुकीला जागाच नाही. त्यात शस्त्र कायद्याच्या २०१९च्या दुरुस्तीपासून एका माणसाला दोनच हत्यारं. तुझा दोनाचा आकडा तिथूनच आला असेल. इथे तसा आकडा नाही, पण दोन ही अक्कलहुशारीची संख्या आहे, म्हणून तिच्यावरच राहू.

इथे गोष्ट उलटी. या बेटांवर वटवाघळं सोडली तर जमिनीवरचा एकही सस्तन प्राणी मूळचा नाही. हरिण, डुक्कर, बकरा, ससा, सगळे माणसांनी जहाजातून आणले. खाणारा वाघ-बिबट्या कुणी आणला नाही, त्यामुळे त्यांनी जंगल फस्त करायला घेतलं. म्हणून हरिण मारायला वर्षभर मुभा, संख्येचं बंधन नाही, अन् सरकारी जंगलाचा शिकारीचा परवाना बहुतेक ठिकाणी फुकट निघतो. फक्त रात्री बॅटरी मारून सरकारी जंगलात शिकार करायची नाही. जागलीची सवय घेऊन येशील म्हणून हे आधीच सांगून ठेवतो. रात्रीचं काम खाजगी शेतावर, मालकाला विचारून.

अन् रात्रीचं काम म्हणजे ससे आणि पॉसम. पॉसम हा मांजराएवढा, गुबगुबीत शेपटीचा प्राणी, १८३७ मध्ये केसाळ कातड्यासाठी ऑस्ट्रेलियातून आणलेला. दिसायला गोजिरवाणा, पण गाईंमध्ये क्षय पसरवतो, म्हणून डेअरीवाल्याचा त्याच्यावर दात. या दोघांना टू-टू. वर्षभरात मी जितक्या गोळ्या झाडतो, त्यातल्या दहात नऊ तिच्याच असतात. गोळी ४० ग्रेनची, म्हणजे अडीच ग्रॅमच्या जरा वर. खांद्याला धक्का लागल्यासारखंही वाटत नाही. सबसॉनिक काडतूस घ्यायचं, आवाजाच्या वेगापेक्षा हळू जाणारं, आणि नळीवर सायलेन्सर. हो, सायलेन्सर. आपल्याकडे तो फक्त सिनेमातल्या गुंडाजवळ असतो, इथे दुकानात टांगलेला असतो. गाई बिचकत नाहीत, दुसरा ससा पळत नाही.

५० मीटरवर बांधलेली, म्हणजे तिथे बरोबर नेमावर लागेल अशी जुळवलेली टू-टू १०० मीटरवर वीतभर खाली मारते. त्यामुळे ७० च्या पुढे नाद सोड. पण लहान म्हणून तिला खेळणं समजू नको. मोकळी सुटलेली गोळी दीड किलोमीटर जाऊ शकते, आणि दगडावर, पाण्यावर आपटली की कुठे वळेल ते सांगता येत नाही. ससा टेकाडाच्या कडेवर उभा असेल, मागे फक्त आभाळ असेल, तर बोट बाहेर ठेवायचं.

याच रायफलीबद्दल एक गोष्ट तुले कुणी सांगणार नाही, म्हणून मी सांगतो. माझ्या वडिलांनी जन्मभर गवळाऊ गाई पाळल्या. पोळ्याला आमच्या दारात बैल आला की आई पाय धुवायची, मग आम्ही जेवायचो. इथे तिसऱ्या महिन्यात एक गाय वासरू होताना बसली ती उठलीच नाही. डॉक्टर येऊन गेला, सलाइन झालं, दोन दिवस उलथीपालथी केली. तिसऱ्या दिवशी मालक शेडमधून रायफल घेऊन आला आणि माझ्याकडे पाहिलं. मी नाही म्हटलं. त्याने एक शब्द विचारला नाही, स्वतः केलं, एका गोळीत. मी संध्याकाळी धारा काढताना त्या जागेकडे पाहत नव्हतो. पुढे मी शिकलो की नाही, ते इथे लिहीत नाही. पण डेअरीवर रायफलीचं पहिलं काम हरिण नसेल, हे असेल, आणि कामावर रुजू होण्याआधी मालकाला स्पष्ट विचार: हे काम माझ्यावर येणार का? बहुतेक मालक समजून घेतात. केलंच तर नीट शिकून करायचं. पूर्ण वाढलेल्या सांडाला टू-टू पुरत नाही, ते काम जाणत्याचंच.

आता थ्री-ओ-एट. नाव ऐकून आपल्या पोलिसांची थ्री-नॉट-थ्री आठवेल. भाऊबंदकी नाही, ही १९५२ची अमेरिकन. इथे गल्लीगल्लीत कुणी तुले सहा-पाच क्रीडमूर सांगेल, कुणी दोनशे सत्तर, ही दुसरी काडतुसं; कुणी मॅग्नम, म्हणजे जास्त दारूचं, जोराच्या धक्क्याचं. सगळ्यांचं खरं आहे, आणि कुणाशी वाद घालू नको. मी थ्री-ओ-एट सांगतो ते एका कारणाने: लहानशा गावातल्या दुकानात दुसरं काही संपलेलं असलं तरी तिची पेटी सापडते. १५० ग्रेनची गोळी, पावणेदहा ग्रॅम, नळीतून सेकंदाला साधारण ८५० मीटरने निघते. १०० मीटरवर दोन-तीन बोटं वर लागेल अशी बांधली, की २०० वर जवळपास नेमावर, ३०० वर वीतभर खाली. म्हणजे टू-टूची वीत शंभरावर, हिची वीत तीनशेवर. एवढं लक्षात ठेवलं की पुस्तकाची गरज नाही.

तांबडं हरिण आपल्या रोह्याएवढं भरत नाही. डुक्कर तुझ्या ओळखीचंच. डोंगरात ताहर हा रानबकरा आहे, तो तर आपल्याच हिमालयातला, १९०४ मध्ये माउंट कुककडे सोडलेला. त्याच्यासाठी लांबचा नेम लागतो, पण तेही या रायफलीत बसते. आपलं सांबरही आहे, फक्त उत्तर बेटावर, तुझ्यापासून फार लांब. फिओर्डलँडमधल्या वापिटी या मोठ्या हरणासाठी सोडत निघते, पहिल्या वर्षी तिच्या नादी लागू नको. बायकोलाही चालवायची असेल किंवा धक्का नको वाटत असेल, तर सेव्हन-एम-एम-झिरो-एट घे. तिचं काडतूस थ्री-ओ-एटचंच, तोंड बारीक केलेलं. धक्का थोडा कमी, हरणाला फरक कळत नाही.

मॅग्नमच्या मोहात पडू नको, एवढं मात्र आग्रहाने सांगतो. धक्क्याला घाबरलेला माणूस चाप ओढायच्या आधीच डोळे मिटतो. मग हरिण जखमी होऊन दरीत उतरते अन् दिवसभर तू त्याच्या मागे.

दोन्ही बोल्टच्या का? मी पहिल्यांदा जी जुनी टू-टू घेतली, तिचा सेफ्टीचा खटका मागे ओढला की उघडायचा. मोठीचा पुढे ढकलला की. दोन वर्षं हात सदान्‌कदा गोंधळलेला. एकदा ऐन वेळी खटका उघडला नाही, हरिण गेलं, त्याचं काही नाही. पण उलटं झालं असतं तर? तेव्हापासून माझं मत पक्कं आहे की दोन रायफली घ्यायच्या तर एकाच हाताच्या. टिक्काची टी-वन-एक्स टू-टूमध्ये येते आणि टी-थ्री-एक्स मोठ्या काडतुसात; दस्ता, बोल्ट, खटका, सगळ्याची ठेवण सारखी. नाव ऐकून हसू नको, फिनलंडची आहे, कोंबडीशी संबंध नाही. दुसऱ्या कंपनीच्या घेतल्या तरी चालतील, फक्त दुकानात दोन्ही हातात घेऊन डोळे मिटून खटका चाचपून पाहा. लहान रोज चालवशील, तोच सराव मोठीच्या कामी येईल. टू-टूमध्ये अर्धस्वयंचलितही मिळते, दहा गोळ्यांपर्यंतची. मोठ्या काडतुसांतल्या तसल्या बहुतेक सगळ्या १५ मार्च २०१९ला क्राइस्टचर्चच्या मशिदींत ५१ माणसं मारली गेल्यावर बंद झाल्या. पण नवख्याला दर गोळीला हात हलवावा लागलेला बरा. तेवढ्या वेळात डोकं जागेवर येते.

दोनात काय बसत नाही? बदकं. मे महिन्याच्या पहिल्या शनिवारी अख्खा देश तळ्याकाठी बसतो. तेव्हा मोठ्या बाबांची आठवण काढ आणि शेजाऱ्याची बाराबोर माग. वर्षातून दोन दिवसांसाठी तिसरी घ्यायची नाही.

परवान्याचं असं आहे. आधी सुरक्षेची लेखी परीक्षा, प्रत्यक्ष प्रशिक्षण, मग घरी माणूस येतो. लोखंडी कपाट भिंतीला किंवा फरशीला बोल्टने ठोकलेलं आहे का पाहतो, काडतुसं वेगळी कुलपात आहेत का पाहतो. तुझी मुलाखत घेतो आणि बायकोचीही, वेगळी. घरात भांडणं होतात का, दारू किती, राग कसा. म्हणून बायको आल्यावरच अर्ज कर, आणि तिला आधी नीट समजावून सांग, नाही तर "यांनी मले विचारलंच नाही" असं ती बोलून जाईल अन् ते खरंच असेल. नात्याबाहेरचा एक ओळखीचाही लागतो. फार्मवर कुणाशी तरी जमवून घे. भारतातल्या पोलिस क्लिअरन्सची प्रत जपून ठेव. पहिला परवाना पाच वर्षांचा मिळतो. २४ जून २०२३ पासून प्रत्येक बंदुकीची नोंद पोलिसांच्या नोंदवहीत होते, म्हणून जुनी कुणाकडून घेतली तरी तिचा कागद तुझ्या नावावर आलाच पाहिजे.

परवाना येईपर्यंत हात बांधून बसायचं नाही. परवानाधारक अगदी बाजूला उभा राहून लक्ष ठेवत असेल तर त्याची रायफल चालवता येते. पहिलं वर्ष असंच जाऊ दे. मालकाची चालव, शेजाऱ्याची चालव, खांद्याला काय बसते ते कळेल. वाचलेला पैसा चांगल्या दुर्बिणीवर घाल, गळ्यात अडकवायच्या. रायफलीवरच्या स्कोपमधून माणसं धुंडाळायची नसतात. ज्याच्यावर स्कोप जाते त्याच्यावर नळीही जाते.

यावरून आठवलं. मार्चअखेरीपासून एप्रिलभर नर हरणं माजावर येतात, दऱ्याखोऱ्यांत हंबरल्यासारखी डरकाळी घुमते. शिकारी पाइपात तोंड घालून तसाच आवाज काढतात, नर चिडून पुढे येतो. दुसऱ्या वर्षी मी आवाज काढला, समोरून उत्तर आलं. पुन्हा काढला, उत्तर जवळ आलं. झुडूप हललं, तपकिरी काहीतरी दिसलं, माझा श्वास वर. सोबतच्या म्हाताऱ्याने माझी नळी हाताने खाली दाबली. झुडपातून पाइप घेतलेला माणूस बाहेर आला. तोही मलाच हरिण समजून येत होता. आम्ही तिघं तिथेच बसून चहा प्यालो, कुणी फार बोललं नाही. इथे दरवेळी असं चहावर भागत नाही. शिंगं, मान, खांदा, सगळं जनावर दिसेपर्यंत खटका उघडायचा नाही, आणि अंगात भडक केशरी घालायचं.

फार्मचं गाव कळलं की कळव, जवळचं दुकान अन् सराव करायची जागा सांगतो. फोन करायचा तर जून-जुलैत तुमच्या रात्री साडेनऊला कर. तेव्हा इथे पहाटेचे चार वाजलेले असतात अन् मी उठलेलाच असतो.